नागपूर कुठून बघायचं?

तेलंखेडी (धागाकर्ती)

नागपूर सुंदर आहे का असं विचारलं की उत्तरं ठरलेली येतात. झाडं भरपूर, रस्ते रुंद, सिव्हिल लाइन्सची शांतता, पावसाळ्यातली सेमिनरी हिल्स. सगळं खरं. पण या उत्तरांत शहर कुठेच नाही. मला विचारायचंय ते माणसांनी बांधलेल्या, गर्दीच्या, आत्ताच्या नागपूरबद्दल. एखादं चित्र किंवा शिल्प बघावं तसं हे शहर बघता येतं का? येत असेल तर कुठे उभं राहून?

मी शाळेत चित्रकला शिकवते. मुलांना 'माझे शहर' हा विषय दिला की दीक्षाभूमी, झिरो माईल आणि संत्री येतात. ज्या रस्त्याने मूल रोज शाळेत येतं तो रस्ता कधी येत नाही. तो चित्रात घालण्यासारखा आहे असं त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

पॅरिसमध्ये १८५३ ते १८७० या काळात ओसमान या प्रशासकाने जुन्या वस्त्या पाडून सरळ, रुंद रस्ते काढले. लोकांनी भरपूर बोटं मोडली. आणि १८७७ साली चित्रकार कायबोतने अशाच एका नव्या चौकाचं पावसातलं चित्र काढलं: ओली फरसबंदी, छत्र्या, एका उंचीच्या इमारती. त्याच वर्षी मोने सेंट लाझार रेल्वे स्टेशनात बसून लोखंडी छपराखाली कोंडलेली वाफ रंगवत होता. दोघांपुढे जुनं पॅरिस होतं, तरी त्यांनी नवं निवडलं. आपल्याकडे सुधीर पटवर्धनांनी ठाणे-मुंबईसाठी हे काम केलं. ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून नोकरी-व्यवसाय करता करता त्यांनी इराणी हॉटेलात बसलेला माणूस रंगवला, लोअर परळ रंगवलं, लोकल आणि पूल रंगवले.

नागपूरचं असं चित्र कोणतं असेल? माझं उत्तर देते, मग तुम्ही द्या. वर्धा रोडवरचा डबल डेकर पूल. खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो. ३.१४ किलोमीटरचा हा पूल २०२२ मध्ये गिनीजमध्ये गेला. ते सोडा. मला त्या मेट्रोच्या खिडकीतून जे दिसतं ते महत्त्वाचं वाटतं. छत्रपती चौक ते उज्ज्वल नगर या पट्ट्यात घरांच्या गच्च्या दिसतात. काळ्या टाक्या, लोखंडी अँगलवर टांगलेले कूलर, उन्हाळ्यात धोतरावर घातलेल्या कुरड्या, समोरून काच आणि ग्रॅनाइट लावलेल्या इमारतीची गिलाव्याशिवायची बाजूची भिंत. हा चेहरा कोणी ठरवून काढलेला नाही. मला तो हायकोर्टाच्या घुमटाइतकाच बघण्यासारखा वाटतो.

तुम्ही कुठून बघता?

बर्डीकर

फुटाळ्यावरून, संध्याकाळी सहानंतर, हातात मक्याचं कणीस. धागा संपला.

तेलंखेडी

@बर्डीकर, फुटाळा चालेल. तोही भोसल्यांच्या काळात बांधलेला तलाव आहे. पण तिथे तुम्ही पाण्याकडे तोंड करून बसता. शहर तुमच्या पाठीशी असतं.

कूलरचं पाणी

काहून बावा उन्हातान्हात शहर पाह्यता? मे महिन्यात नागपूर पाहाची एकच जागा आहे, कूलरच्या समोर. खस बदलून घ्या आन् मंग कलेवर बोला. 😀

पण ताई, कुरड्यांचं लिहिलं ते बरोबर आहे. आमची आई मेट्रो चालू झाली तेव्हापासून गच्चीवर जाताना नीट पदर घेऊन जाते. म्हणे सारं गाव पाहून राह्यलं.

मानेवाडा मित्र

वाचतोय. वाखु (वाचनखूण) साठवली.

आठ रस्ता

चांगला धागा. मी व्यवसायाने वास्तुविशारद, त्यामुळे एका वाक्यावर अडलो. "हा चेहरा कोणी ठरवून काढलेला नाही" हे मला अजिबात मान्य नाही.

पॅरिसच्या इमारती एका उंचीच्या दिसतात त्या मालकांच्या अभिरुचीमुळे नव्हे. रस्त्याच्या रुंदीवरून इमारतीची उंची ठरत होती, छपराचा उतार ठरत होता, सज्जांच्या रेषा जुळवून घ्याव्या लागत होत्या. कायबोतच्या चित्रातली ती शिस्त नियमाने आखलेली आहे. नागपूरही नियमानेच आखलेलं आहे, फक्त आपले नियम वेगळं चित्र काढतात.

महालातलं जुनं घर घ्या. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्याला चिकटलेल्या, पुढे ओटा, ओट्याला लागून रस्ता. चालणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दार, खिडकी, ओट्यावर बसलेले आजोबा. आता त्रिमूर्ती नगर किंवा मनीष नगरमधला प्लॉट घ्या. चारही बाजूंनी जागा सोडायची, म्हणून प्रत्येक इमारत सुटी उभी. पार्किंग द्यायचं, म्हणून तळमजला खांबांवर मोकळा. २०२० मध्ये राज्याच्या बहुतेक भागासाठी एकत्रित विकास नियमावली आली, त्याआधी शहरागणिक वेगळ्या होत्या, पण सुटी इमारत आणि खाली गाड्या हा साचा तोच आहे. परिणाम काय? रस्त्याने चालणाऱ्याच्या नजरेच्या उंचीवर घर उरलेलंच नाही. कंपाउंडची भिंत, गेट आणि मागे अंधारात उभ्या गाड्या. घर सुरू होतं ते डोक्याच्या वर.

आणि ताई, ती बिनगिलाव्याची बाजूची भिंत. दोन इमारतींमध्ये इतकी चिंचोळी फट असते की परांची बांधायलाच अडचण. शिवाय मालकाला वाटतं, कोणाला दिसणार आहे? मेट्रो येईपर्यंत त्याचं बरोबर होतं.

म्हणून मला वाटतं, शहर बघायला उंचावर जावं लागतंय हेच लक्षण बरं नाही. जे शहर पायी चालताना दिसत नाही, ते देखणं कसं म्हणायचं?

मस्कासाथ

आठ रस्ता यांचं पटलं. पण जुनं शहर अजून पायीच बघायचं असतं आणि ते बघायचा एक दिवस आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या.

काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: बांबू आणि कागदाचा भला मोठा पुतळा, इतवारीच्या गल्ल्यांमधून लोक ओढत नेतात, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत. सोबत त्या त्या वर्षीच्या रागाचे बडगे, म्हणजे आणखी पुतळे, महागाईचा, भ्रष्टाचाराचा. पुतळा दोन्ही बाजूंच्या घरांच्या मधून जेमतेम जातो. पहिल्या मजल्याच्या खिडकीत बसलेल्या बाईच्या तोंडासमोरून मारबतीचा चेहरा जातो, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळून. विजेच्या तारा बांबूने वर उचलून धरायला पोरं पुढे चालत असतात.

हीच मारबत मिहानच्या सहापदरी रस्त्यावर काढून बघा. खेळणं वाटेल. गल्लीची रुंदी, घरांची उंची आणि पुतळ्याचं माप यांचं काहीतरी जुळलेलं आहे, ते कुठल्या आर्किटेक्टने जुळवलेलं नाही. (आठ रस्ता, राग मानू नका.)

आठ रस्ता

राग कसला, हेच तर म्हणतोय. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिसही हेच सांगत होता. तो नागपुरात आला होता, नगरपालिकेसाठी त्याने अहवाल लिहिला. त्या काळची रीत म्हणजे दाट वस्ती दिसली की नकाशावर पट्टी ठेवून सरळ रस्ता मारायचा. गेडिस आधी गल्लीबोळ पायी फिरायचा, पडायला आलेलं एखादंच घर काढायचा, तिथे झाड आणि मोकळी जागा करायचा, बाकी वस्तीला हात लावायचा नाही. स्वस्त पडायचं आणि माणसं जागेवर राहायची.

आपण काय केलं? १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास आली आणि जुन्या वस्तीच्या बाजूने सेंट्रल अ‍ॅव्हेन्यू निघाला. रस्ता गरजेचा होता, वादच नाही. आज त्याच्यावरून मेट्रोची अ‍ॅक्वा लाइन जाते. त्या खिडकीतून बघितलं तर एका क्षणात इतवारीची गल्ली दिसते आणि नाहीशी होते.

वर्धा रोड दुकान

मी कलेतलं जाणत नाही, पण तुम्ही ज्या पुलाला देखणा म्हणता त्याच्या बाजूलाच आमचं दुकान आहे आणि वर घर आहे, म्हणून लिहितो.

काम चालू होतं ती वर्षं आठवली तरी अंगावर काटा येतो. दुकानासमोर पत्र्याची बॅरिकेड, पाटी दिसायची बंद, गिऱ्हाईक गाडी लावणार कुठे? धुळीने माल खराब. रोज संध्याकाळी गल्ला मोजताना वडील बोलायचे नाहीत. आमच्या लाइनीतली काही दुकानं तेव्हा बंद झाली ती झालीच. कोणी विचारायला आलं नाही, आम्ही अर्ज दिले त्यांचं काय झालं तेही कळलं नाही.

पूल झाला, मेट्रो सुरू झाली, धंदा पुन्हा बसला. पण पहिल्या मजल्याच्या खिडकीतून आधी गुलमोहर दिसायचा, आता काँक्रीट दिसतं. तुम्ही वरून आमच्या गच्च्या बघता, आम्ही खालून तुमचा पूल बघतो. खालून तो कसा दिसतो ते एकदा येऊन बघा आणि मग देखणा म्हणा.

तेलंखेडी

@वर्धा रोड दुकान, तुमचा प्रतिसाद वाचून थांबले. कायबोतच्या चित्रातही पाडलेली घरं दिसत नाहीत, तिथून हुसकलेली माणसं दिसत नाहीत. पटवर्धन मला मोठे वाटतात ते इथे. त्यांच्या चित्रात पूल असतो तेव्हा पुलाखालची माणसंही तेवढीच ठळक असतात. नागपूरचं चित्र निघेल तर त्यात तुमच्या वडिलांचा गल्ला आला पाहिजे असं मी मनापासून म्हणते.

सेगमेंट

पुलाच्या कामावर होतो, म्हणून थोडं तांत्रिक. दुकानवाल्या दादांचा त्रास खरा आहे, तो कोणी नाकारू नये.

दोन पूल एकाच खांबावर का? शेजारी शेजारी उभे केले असते तर खांबांच्या दोन रांगा लागल्या असत्या, आणखी जमीन घ्यावी लागली असती, आणखी दुकानं गेली असती. एकावर एक घेतल्याने रस्त्याच्या मधली पट्टी पुरली. रूप आलं ते या हिशोबातून.

पुलाचे तुकडे यार्डात ओतून तयार होतात. रात्री ट्रेलरवर येतात. वर लाँचिंग गर्डर असतो, तो एकेक तुकडा उचलून माळेत मणी ओवावे तसा जागेवर आणतो. सांध्याला इपॉक्सी लावतात, आतून पोलादी केबल ओढून ताण देतात, आणि सगळे तुकडे मिळून एक गाळा, म्हणजे दोन खांबांमधला पुलाचा भाग, होतो. खालून नीट बघितलं तर पुलाच्या पोटाला ठरावीक अंतरावर बारीक रेघा दिसतात, ते सांधे. उन्हं उतरताना त्या रेघा उठून दिसतात. मला त्या आवडतात. पूल कसा झाला हे त्याच्या अंगावर लिहिलेलं आहे, वर काही चिकटवून सजवलेलं नाही.

ज्यांना यातली खरी मजा बघायची त्यांनी गड्डीगोदामला जावं. कामठी रोडचा डबल डेकर, २०२४ ला खुला झाला, वर्धा रोडपेक्षा लांब. तिथे रेल्वेखालून जुना रस्ता जातो, त्यावर रेल्वेचे रूळ, रुळांवरून उड्डाणपूल, त्यावर मेट्रो. चार थर. चालत्या रेल्वेवर गर्डर चढवायचा म्हणजे रेल्वे जेवढा वेळ लाइन बंद ठेवेल तेवढ्यातच काम. मालगाडी खालून जात असताना वरून मेट्रो गेली तर दोघींचे आवाज वेगळे ऐकू येतात.

एकेकाळचा धरमपेठी

सध्या पुण्यात. विरोधी सूर लावतो.

आधुनिक शहराला कलावस्तू मानण्याने जगात भलतं नुकसान झालंय. वास्तुविशारद कोर्बुझिएने १९२५ साली मांडलं की पॅरिसचा मधला भाग पाडा आणि तिथे साठ मजल्यांचे अठरा मनोरे उभे करा. मॉडेलमध्ये ते सुरेखच दिसत होतं. सुदैवाने झालं नाही. पुढे त्याला चंदीगड मिळालं. तिथला कॅपिटल परिसर २०१६ ला युनेस्कोच्या यादीत गेला, हायकोर्टाचं काँक्रीटचं छत्र अप्रतिमच आहे. पण उन्हाळ्यात भर दुपारी त्या इमारतींमधलं मोकळं पटांगण पायी ओलांडून बघा. सावलीचा पत्ता नाही. फोटोसाठी उत्तम, माणसासाठी शिक्षा.

शहर ही राहायची गोष्ट आहे. ती बघायची गोष्ट केली की आधी झोपड्या खुपायला लागतात, मग हातगाड्या, मग तुमच्या त्या कुरड्या. पाहुणे येणार म्हणून वस्तीपुढे हिरवं कापड लावलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. तेही 'सौंदर्य'च असतं कोणाचं तरी.

तेलंखेडी

@एकेकाळचा धरमपेठी, हिरव्या कापडाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण कापड लावणारा शहर बघतच नाही, तो झाकतो. मी उलट म्हणतेय. जे झाकायचं ठरवलं गेलं ते बघायला शिका. कुरड्या कोणाला खुपतील? ज्याने शहर फक्त ब्रोशरमध्ये पाहिलंय त्याला.

कूलरचं पाणी

कुरड्या वाचवा मंच स्थापन करा. मी खजिनदार. कुरड्या माझ्याकडे जमा कराव्या.

इंदोरा

दीक्षाभूमीचा उल्लेख धाग्यात नुसता मुलांच्या चित्रांपुरता आला, म्हणून लिहितो.

आपल्याकडे आधुनिक वास्तू म्हणून तिच्याकडे कमी बघितलं जातं. वास्तुविशारद शिवदान मल यांनी सांचीच्या स्तूपावरून आराखडा केला, २००१ मध्ये लोकार्पण झालं. सांचीचा स्तूप भरीव आहे, आपण त्याला बाहेरून प्रदक्षिणा घालतो. इथे स्तूप आतून पोकळ आहे, माणसं आत जातात. एवढा मोठा पोकळ घुमट काँक्रीटने उभा राहिला. म्हणजे आकार दोन हजार वर्षांपूर्वीचा आणि आत जाण्याचा हक्क आत्ताचा. ज्या समाजाला देवळात शिरू दिलं जात नव्हतं त्याच्यासाठी हा फरक केवढा आहे ते वेगळं सांगायला नको. आत पाऊल टाकल्यावर बोलणं आपोआप हळू होतं. लहान पोरं घुमणारा आवाज ऐकायला मुद्दाम हाका मारतात आणि आया त्यांना दटावतात.

पण माझ्या मते खरी रचना बाहेरची मोकळी जमीन आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो लोकांना दीक्षा दिली तेव्हा तिथे घुमट नव्हता, मैदान होतं. दर वर्षी अशोक विजयादशमीला तेच मैदान पुन्हा भरतं. आदल्या रात्रीपासून गावोगावचे लोक, पांढरे कपडे, पुस्तकांचे स्टॉल, डोक्यावर बोचकी, खांद्यावर झोपलेली मुलं. रहाटे कॉलनीपासून रस्ते माणसांनी वाहतात. २०२४ मध्ये तिथे भूमिगत पार्किंगसाठी खोदकाम सुरू झालं तेव्हा लोक चिडून उठले आणि काम थांबवावं लागलं. बाहेरच्यांना वाटलं, पार्किंगला कसला विरोध? ती जागा रिकामी नाहीच, लोक येतात तेव्हा ती भरते आणि ते गेल्यावरही ती त्यांचीच असते.

मारबतीला गल्ली अरुंद लागते हे मस्कासाथ यांनी छान सांगितलं. आमच्या दिवसाला मैदान लागतं.

मस्कासाथ

इंदोरा, पूर्ण सहमत. हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका.

भूगोल

एक खेळ सुचवते. १९६० च्या आसपास एका अमेरिकन नगररचनाकाराने बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसमधल्या लोकांना आपापल्या शहराचा नकाशा आठवणीने काढायला लावला. बोस्टनच्या लोकांना नदी, टेकडी, बाग नीट आठवली. जर्सी सिटीच्या लोकांना आपल्या शहरात सांगण्यासारखं काही सापडेना. त्याचं म्हणणं असं की शहर डोक्यात किती स्पष्ट उमटतं त्यावरून त्याचं रूप कळतं.

सगळ्यांनी कागद घ्या, मोबाइल न बघता नागपूर काढा आणि इथे सांगा, आधी काय काढलं?

बर्डीकर

सीताबर्डीचा किल्ला. दोन टेकड्या. मग व्हरायटी चौक, मग बाकीचं जग. किल्ल्यावर वर्षातून मोजकेच दिवस जाता येतं तरी नकाशात तोच मधोमध आला.

सेगमेंट

रेल्वे लाइन. माझ्या नकाशात शहराचे दोन तुकडे झाले, पूर्वेकडे इतवारी आणि महाल, पश्चिमेकडे धरमपेठ. मग त्यांना जोडणारे पूल.

कूलरचं पाणी

मी पहिले पोह्याचं दुकान काढलं. मंग झिरो माईल. ते चार घोडे काढता नाही आले, कुत्रे वाटून राह्यले.

एकेकाळचा धरमपेठी

शंकर नगर, लक्ष्मी भुवन चौक, ट्रॅफिक पार्क. रेल्वेच्या पलीकडे कागद कोरा राहिला. इतक्या वर्षांनी हे बघून अस्वस्थ वाटलं.

भूगोल

मलाही काही जणांनी व्यनित (व्यक्तिगत निरोपात) नकाशे पाठवले. सगळे बघितल्यावर एक गोष्ट डोळ्यात भरली. नाग नदी एकाही नकाशात नाही. जिच्यावरून शहराला नाव मिळालं असं शाळेत शिकवतो, ती नदी कोणाच्याच हातून कागदावर उतरली नाही.

डागा ले-आउट

आमच्या हातून उतरेल. २३ सप्टेंबर २०२३. पहाटे अंधारात जाग आली ती पाण्याच्या आवाजाने. अंबाझरी भरून वाहत होता, नदी रस्त्यावर आली, रस्त्यावरून घरात आली. फ्रिज आडवा होऊन तरंगत होता. आईला खुर्चीवरून जिन्यात नेलं. पाणी ओसरल्यावर भिंतीवर गाळाची रेघ राहिली, खिडकीच्या चौकटीच्याही वर. सगळ्या गल्लीत ती रेघ एका पातळीत होती.

आमच्या बाजूच्या घरांची न्हाणीघरं आणि मागच्या भिंती नदीकडे आहेत. पुढचं दार रस्त्याकडे. सगळ्या शहराने नदीकडे पाठ केलीय, मग ती नकाशात येणार कशी? पात्राशेजारी बांधायला परवानगी कशी मिळते, हा प्रश्न आम्ही विचारत राहिलो. उत्तर मिळालेलं नाही.

शहर सुंदर आहे का, या प्रश्नाचं माझं उत्तर: आधी नदीला तोंड द्या.

आठ रस्ता

@डागा ले-आउट, हे वाचून सुन्न झालो. घर नदीकडे तोंड करून असतं तर मागच्या बाजूला कचरा पडला नसता, पात्र अरुंद होताना रोज कोणाला तरी दिसलं असतं. कोणत्या बाजूला खिडकी ठेवायची, हा वरवर दिसण्याचा प्रश्न वाटतो, पण त्यावर पाण्याची वाट ठरते.

पाटी ब्रश

उशिरा आलो. चितार ओळीत आमचं पिढीजात मूर्तिकाम. मेट्रोने आमच्या गल्लीचं नाव स्टेशनला दिलं, चितार ओळी चौक. बरं वाटलं.

धाग्यात कला म्हणजे शहराबाहेरचा कोणीतरी येऊन चित्र काढणार असं गृहीत धरलेलं दिसतं. आमच्याकडे या, कला शहराच्या आतच चालू आहे. पोळा जवळ आला की गल्लीच्या दोन्ही बाजूंना गणपती उभे, वर ताडपत्री, मध्ये एक स्कूटर जाईल एवढी वाट. डोळे सगळ्यात शेवटी काढतात. त्याला उजेड लागतो, म्हणून मूर्ती ताडपत्रीबाहेर ओढायची, पावसाचा अंदाज घ्यायचा, वडील बारीक ब्रश तोंडात ओला करून टोक करतात आणि एका दमात भुवई ओढतात. त्या वेळी स्कूटरवालाही हॉर्न न वाजवता थांबतो.

मूर्तीची उंचीही गल्ली ठरवते. तारांच्या खालून निघाली पाहिजे. मंडळवाले मोठी मागतात, आम्ही वर बोट दाखवतो.

मस्कासाथ

मारबत आणि गणपती दोन्ही तारांखालून! शहराची खरी मोजपट्टी वीजवाल्यांकडे आहे.

तेलंखेडी

आठ रस्ता यांनी सुरुवातीला विचारलं होतं की गच्च्यांचा चेहरा कोणीच काढलेला नाही असं कसं म्हणता. एवढं सगळं वाचल्यावर त्यावर यावंसं वाटतं.

टाकी किती उंचावर, भिंत किती सोडून, हे नियमाने काढलं. कूलर कुठल्या खिडकीला टांगायचा, हे दुपारच्या उन्हाने. गिलावा कुठे संपवायचा, हे मालकाच्या खिशाने. मूर्तीची उंची तारांनी, पुलाचा खांब रस्त्याच्या रुंदीने. म्हणजे काढणारे खूप आहेत आणि त्यातल्या कोणालाही अख्खं चित्र दिसत नव्हतं. हायकोर्टाचं तसं नाही. हेन्री मेड या एका माणसाने ते आखलं, १९४० ला उघडलं, समोर मुद्दाम जागा सोडली आहे म्हणजे दुरून घुमट पूर्ण दिसावा. त्याला दगडातली कविता म्हणतात ते योग्यच आहे. पण नागपूरचं बाकीचं सौंदर्य या जातीचं नाही, आणि त्याला हायकोर्टाच्या मापाने मोजलं की ते कायम नापास होतं. मुलांना मी या वर्षी घराची मागची बाजू काढायला देणार आहे. ज्यांच्या मागे नाग नदी आहे त्यांनी नदीसकट.

आणि चित्र वरून की खालून, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

वर्धा रोड दुकान

ताई, आमची गच्ची दुसऱ्या मजल्यावर आहे. बरोबर उड्डाणपुलाच्या कठड्याच्या पातळीत. समोर नजरेच्या रेषेत ट्रक जातात, ड्रायव्हरचा चेहरा दिसतो. मान वर केली की मेट्रो, खाली वाकलं की दुकानासमोरची भाजीची गाडी आणि रिक्षा. तुम्ही म्हणता तसं सगळं एका जागेवरून दिसतं. वडिलांना विचारलं, ते म्हणाले, मुलांना घेऊन या म्हणावं.

भूगोल

मी पण येऊ का?

तेलंखेडी

दादा, नक्की येते, वडिलांना नमस्कार सांगा. मुलं दहाच आणेन. कठड्याला रेलिंग नसेल तर आधी सांगा, दोरी बांधून घेऊ.

वर्धा रोड दुकान

कठडा कमरेएवढा आहे, पक्का. सकाळी आठच्या आत या. नंतर स्लॅब तापतो, मुलांना खाली बसता येणार नाही. सतरंजी आहे. पुलावर आठनंतर गाड्याही इतक्या वाढतात की ड्रायव्हरचा चेहरा नीट बघायला मिळत नाही.